वारेत प्लॅस्टिक सापडलं, मग बाळाचं काय?

प्रश्न: मला सहावा महिना आहे. वारेत (प्लॅसेंटात) प्लॅस्टिकचे कण सापडल्याचं वाचलं, तेव्हापासून रात्री झोप लागत नाही. रक्तातही सापडतात म्हणे, मेंदूतही. घरातले प्लॅस्टिकचे सगळे डबे मी पोत्यात भरून गच्चीवर नेऊन ठेवले, त्यावरून सासूबाई माझ्याशी धड बोलत नाहीत. नवरा म्हणतो, तू नको इतकं वाचतेस. पण मला खरंच वाटतं, की माणूस आता फार काळ टिकणार नाही आणि अशा जगात मूल आणून मी चूक करतेय. तुम्ही हेच काम करता. खरं काय ते सांगा.

उत्तर: आधी थेट सांगते, कारण झोप उडालेल्या माणसाला लांबण नको असतं. या कणांमुळे तुमच्या बाळाला अपाय होईल असं खात्रीनं म्हणता येईल, असा पुरावा आज नाही. अजिबात अपाय होत नाही, असं शपथेवर सांगता येईल असाही नाही. प्लॅस्टिकच्या कणांनी माणूसजात संपणार नाही. पण तुमच्या भीतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ती मी खोडून काढणार नाही. ती नेमकी कुठे आहे, तेवढं दाखवायचा प्रयत्न करते.

मी गेली चोवीस वर्षं प्रयोगशाळेत पाणी आणि गाळ तपासते. सुरुवातीला शिसं, पारा, कीटकनाशकं तपासायचे. आता बराचसा वेळ या कणांतच जातो. ठाण्याच्या खाडीतला चिखल, रायगड-रत्नागिरीच्या पुळणींवरची वाळू, नळाचं पाणी, मीठ. मी डॉक्टर नाही. त्यामुळे शरीरात काय होतं याबद्दल मी अभ्यासांच्या आधारानंच बोलेन. पण एखादा कण सापडला असं कुणी म्हणतं तेव्हा तो कसा सापडतो आणि त्या सापडण्यावर किती भरवसा ठेवायचा, हे मला हाताला माहीत आहे.

तुम्ही वाचलेला वारेचा अभ्यास इटलीतला, २०२१ सालचा. सहा बायकांच्या वारा तपासल्या. चार वारांमध्ये कण मिळाले. सगळे मिळून बारा. त्या बारांपैकी तीन कण पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकचे आहेत हे ठरवता आलं. उरलेल्या नऊंमध्ये ओळखता आला तो फक्त रंग, म्हणजे रंगद्रव्य. सहाही गर्भारपणं नीट पार पडलेली होती. प्रसूतिगृहात प्लॅस्टिक वापरलं जाऊ नये म्हणून सुती हातमोजे घालण्यापर्यंत काळजी घेतली होती. काम चांगलं आहे, मी ते मानते. पण त्यातून निघतं ते एवढंच, की अगदी बारीक कण वारेपर्यंत पोचू शकतात. ते तिथे काय करतात, हे त्या अभ्यासानं विचारलेलंच नाही. बातमीत मात्र "वारेत प्लॅस्टिक" एवढेच शब्द उरले आणि पुढचं वाक्य तुमच्या मनानं पूर्ण केलं.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगते, त्यावरून हे मोजणं किती अवघड आहे ते कळेल. वाळूतले कण शोधायचे तर वाळू मिठाच्या दाट पाण्यात ढवळायची. वाळू तळाशी बसते, हलकं प्लॅस्टिक वर तरंगतं. मग हायड्रोजन पेरॉक्साइड घालून पानं, शेवाळ, किड्यांचे पाय असलं सगळं विरघळवायचं, पाणी गाळायचं आणि गाळणीच्या कागदावर राहिलेलं सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. शंका आली तर गरम सुई टेकवायची. प्लॅस्टिक असेल तर ते आकसतं. मग इन्फ्रारेडखाली त्याचा प्रकार ठरवायचा. प्रत्येक खेपेला एक कोरा नमुनाही चालवायचा. म्हणजे वाळू घालायचीच नाही, नुसतं स्वच्छ पाणी त्याच सगळ्या पायऱ्यांमधून न्यायचं. त्यात काही सापडलं तर ते आपल्याकडूनच आलेलं.

एका हिवाळ्यात आमच्या कोऱ्या नमुन्यात सतत निळे धागे येऊ लागले. वाळूत जितके, जवळजवळ तितकेच कोऱ्या पाण्यात. तीन आठवडे आम्ही काचसामान, पाणी, गाळण्या बदलत राहिलो. शेवटी सापडलं ते असं, की खोलीतला एसी थंड वाटतो म्हणून आमची एक विद्यार्थिनी एप्रनच्या आत निळं लोकरीसारखं पॉलिएस्टरचं जाकीट घालत होती. ते धागे हवेतून येत होते. तीन महिन्यांचं काम आम्ही रद्द केलं. तेव्हापासून आमच्या खोलीत फक्त सुती कपडे, तेही एका ठरावीक रंगाचे, म्हणजे धागा आपला की बाहेरचा ते लगेच ओळखता येतं.

हे सांगण्यामागे दोन कारणं आहेत. एक, रक्त, वार, मेंदू यांतले कण शोधणाऱ्या प्रत्येकापुढे हाच पेच आहे, आणि सगळ्यांनी कोरे नमुने सारख्याच काटेकोरपणे चालवलेले नाहीत. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोचा मेंदूबद्दलचा अभ्यास आला, त्यातलं "चमचाभर प्लॅस्टिक" तुम्हीही वाचलं असणार. त्या पद्धतीत ऊतक तापवून त्याचा वायू करतात आणि त्या वायूच्या खुणांवरून कुठलं प्लॅस्टिक किती ते ठरवतात. अडचण अशी, की चरबी तापवली की पॉलिथिलीनसारख्याच (पिशव्यांचं प्लॅस्टिक) काही खुणा निघतात. आणि मेंदूत चरबी भरपूर असते. त्यामुळे त्या आकड्यावर शास्त्रज्ञांमध्येच वाद आहे. कण असतील, पण चमचाभर हा आकडा उशाशी घेऊन झोपू नका.

दुसरं कारण उलट बाजूचं. धागे हवेत होते, हीसुद्धा बातमीच होती. आम्ही रद्द केलेला तो नमुना खोटं बोलत नव्हता. तो समुद्राऐवजी आमच्या खोलीबद्दल बोलत होता. क्लेअर पॅटरसन नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञाचं असंच झालं होतं. पृथ्वीचं वय काढण्यासाठी तो दगडातलं शिसं मोजत होता आणि कुठलाही नमुना घेतला तरी त्यात जास्तीचं शिसं येत होतं. टेबलावर, हवेत, केसांत, सगळीकडे. त्यानं खोली इतकी स्वच्छ केली, की १९५६ साली पृथ्वीचं वय ४५५ कोटी वर्षं असल्याचं तो सांगू शकला. पण ते उपरं शिसं येतं कुठून, हा प्रश्न त्याला सोडेना. त्यातूनच तो पेट्रोलमधल्या शिशापर्यंत पोचला आणि पुढची कितीतरी वर्षं त्याविरुद्ध झगडला. त्या शिशाकडे मी शेवटी परत येते, कारण तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे दिसतं.

आता प्रमाणाबद्दल. आपण आठवड्याला पाच ग्रॅम, म्हणजे एका एटीएम कार्डाएवढं प्लॅस्टिक खातो, हे तुम्ही ऐकलं असेलच. तो २०१९ सालचा अंदाज होता आणि त्याच गटाच्या पुढच्या शोधनिबंधात ही मर्यादा ०.१ ते ५ ग्रॅम अशी होती. बातम्यांनी वरचं टोक उचललं. २०२१ साली नेदरलँड्समधल्या वाखनिंगनच्या संशोधकांनी मोठ्या माणसासाठी काढलेला मधला आकडा आठवड्याला जेमतेम चार मायक्रोग्रॅम (ग्रॅमचा दहा लाखावा भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम) निघाला. दोन्हींत दहा लाख पटींहून अधिक तफावत! आपल्याकडे आयआयटी मुंबईनं २०१८ साली मिठाचे नमुने तपासले आणि रोज पाच ग्रॅम मीठ धरून एकट्या मिठातून वर्षाला सुमारे ११७ मायक्रोग्रॅम असा हिशेब मांडला. तो या दोन टोकांपैकी खालच्या टोकाच्या जवळ जातो. ज्या विषयात अंदाज इतके दूरदूर आहेत, त्यातल्या सर्वांत भयंकर आकड्यावर आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत, असं माझं मत आहे.

पोटात गेलेले बहुतेक कण शौचावाटे बाहेर जातात. १५० मायक्रॉनपेक्षा मोठे, म्हणजे साधारण दोन केसांच्या जाडीहून मोठे कण आतड्याची भिंत ओलांडत नाहीत, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१६ सालीच म्हटलं आहे. प्रश्न आहे तो त्याहून कितीतरी बारीक कणांचा, आणि तेच मोजायला सर्वांत कठीण.

मला स्वतःला अस्वस्थ करणारा एक अभ्यास आहे, तोही सांगायला हवा, नाहीतर मी तुम्हाला नुसता धीर देत सुटले असं होईल. मार्च २०२४ मध्ये इटलीतल्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतून शस्त्रक्रियेनं काढलेले चरबीचे थर तपासले. २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या, म्हणजे सुमारे ५८ टक्के लोकांच्या थरांत पॉलिथिलीन होतं. पुढची साधारण तीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तेव्हा ज्यांच्यात प्लॅस्टिक होतं त्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांचा धोका इतरांच्या साडेचार पट निघाला. प्लॅस्टिकमुळेच असं झालं हे यातून सिद्ध होत नाही. त्या लोकांच्या राहणीत, कामाच्या जागेत, हवेत दुसरंही काही वेगळं असू शकतं. पण ही नुसती "सापडलं" अशी बातमी नाही. असं काम आणखी चार ठिकाणी व्हायला हवं, आणि तसंच निघालं तर मी माझं आजचं मत बदलेन.

तुमच्या घराकडे येते. डबे फेकायची गरज नव्हती. प्लॅस्टिक कण सोडतं ते मुख्यतः तीन गोष्टींनी: उष्णता, घासणं आणि ऊन. कोरडी तूरडाळ भरलेला डबा फडताळात वर्षानुवर्षं जवळजवळ काहीच सोडत नाही. तोच डबा रस्सा भरून मायक्रोवेव्हमध्ये घातला, की गोष्ट बदलते. म्हणून गरम ते स्टीलमध्ये, काचेत किंवा चिनी मातीत, एवढा एक नियम पाळा. टपरीवरून प्लॅस्टिकच्या पिशवीत चहा आणायचा थांबवा. कागदी कपही निर्दोष नाही. त्याच्या आतून पॉलिथिलीनचा पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० च्या कामात अशा कपात १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं ठेवलं तर सुमारे २५,००० कण सुटले. ऑफिसात स्वतःचा स्टीलचा पेला ठेवा. भाजी चिरायला प्लॅस्टिकचा पाट असेल तर लाकडी घ्या. त्या पाटावरच्या सुरीच्या रेघा म्हणजे पोटात गेलेलं प्लॅस्टिकच.

पाण्याचं एक सोपं आहे. २०२४ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं, की जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी पाच मिनिटं उकळलं तर त्यातला चुना पांढरा होऊन खाली बसताना बरेचसे कण स्वतःत कोंडून घेतो. अगदी जड पाण्यातून नव्वद टक्क्यांपर्यंत कण असे निघाले. हलक्या पाण्यात हे प्रमाण पंचवीस टक्क्यांच्या आसपास राहिलं. तुमच्याकडे बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल, तर किटलीला पांढरा थर धरणारं ते पाणी इथे कामाला येईल. उकळा, निवू द्या, तळ न ढवळता सुती कापडातून गाळा. आपल्या आज्या हेच करत होत्या, वेगळ्या कारणासाठी. बाटलीबंद पाणी "शुद्ध" म्हणून विकत घेऊ नका. कोलंबिया विद्यापीठाच्या २०२४ च्या मोजणीत त्यात लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार कण निघाले, बहुतेक अतिसूक्ष्म.

घरातली धूळ झाडण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. गालिचे, पडदे, सिंथेटिक कपडे यांचे धागे त्या धुळीत असतात, आणि रांगतं मूल जमिनीला सर्वांत जवळ असतं.

बाळ आल्यावर अंगावर पाजा. आईच्या दुधातही कण सापडले आहेत. इटलीतच २०२२ साली चौतीसपैकी सव्वीस बायकांच्या दुधात. त्यावर त्या संशोधकांचंच म्हणणं असं, की दुधाचे फायदे याहून फार मोठे आहेत. आणि वरचं दूध ज्या बाटलीतून द्याल तिचा हिशेब बघा: डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या २०२० च्या अभ्यासात पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत कडक पाण्यानं दूध कालवून हलवलं, तर लिटरमागे एक कोटी साठ लाखांपर्यंत कण निघाले. पावडरचं दूध द्यायची वेळ आलीच, तर ते स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात कालवा, निववा आणि मग वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पाजा. घरात जुनं चांदीचं बोंडलं असेल तर सासूबाईंना विचारा. मासे खात असाल तर बांगडा, पापलेट सोडू नका. माशातले कण बहुतेक आतड्यात असतात आणि साफ करताना आतडं निघून जातं. या महिन्यांत बाळाला त्या माशाची गरज जास्त आहे.

इतकं केलंत की घरापुरतं झालं. याहून जास्त घासत, पुसत, लेबलं वाचत बसलात, तर कणांपेक्षा तो ताणच तुम्हाला जास्त त्रास देईल.

आता ती खरी गोष्ट. मला रात्री जे जागं ठेवतं, ते शरीरातल्या कणांपेक्षा वेगळं आहे. हे परत घेता येत नाही, याची मला भीती वाटते.

नारायणगावच्या पट्ट्यात आम्ही टोमॅटोच्या रानातली माती तपासायला गेलो होतो. तिकडे आता वाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरतात. म्हणायचं कागद, असतं प्लॅस्टिक. केसाच्या निम्म्याहून कमी जाडीचं. त्यानं तण कमी होतं, पाणी वाचतं, शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळतात, आणि मी त्याला दोष देणार नाही. पण एका हंगामाच्या उन्हात तो पेपर इतका ठिसूळ होतो, की ओढायला गेलं की हातात चिंध्या येतात. शेतकरी म्हणाला, "ताई, हे वेचायला मजूर कुठून आणू? निघेल तेवढं बांधावर पेटवतो, बाकीचं नांगराखाली जातं." मी मूठभर माती उचलली तर त्यात चंदेरी-काळ्या टिकल्या चमकत होत्या. त्या टिकल्या गोळा करणारं यंत्र माझ्या तरी पाहण्यात नाही. पुढच्या वर्षी त्या आणखी लहान असतील, त्याच्या पुढच्या वर्षी दिसणारही नाहीत.

आज जगानं प्लॅस्टिकचा एक किलोही नव्यानं फेकला नाही, असं धरलं तरी सूक्ष्म कण काही दशकं वाढतच राहतील, कारण आधी फेकलेलं मोठं प्लॅस्टिक तुटत राहील. २०१५ पर्यंत माणसानं ८३० कोटी टन प्लॅस्टिक बनवलं होतं. त्यातल्या कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आलं, १२ टक्के जाळलं गेलं, बाकीचं कचराभूमीत किंवा उघड्यावर आहे. हे बीज पेरलेलंच आहे.

खाडीच्या चिखलात मी वर्षानुवर्षं काय बघते, तेही सांगते. पाण्याच्या बाटल्या फार कमी. कारण बाटलीला भंगारात भाव आहे. कचरावेचक बाई ती खाडीपर्यंत जाऊच देत नाही. चिखलात असतात त्या शांपूच्या पुड्या, गुटख्याच्या पुड्या, खाऊची चकचकीत पाकिटं, पातळ पिशव्या आणि नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे. पाकिटात प्लॅस्टिकचे दोन-तीन प्रकार आणि धातूचा थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते वेगळे करणं कुणालाच परवडत नाही, म्हणून त्याला शून्य भाव. ज्याला भंगारात भाव नाही ते समुद्रात जातं. इतकी वर्षं चिखल तपासून माझ्या हाती आलेला हा एकच नियम आहे, आणि तो मला कधी चुकलेला दिसला नाही. म्हणून "लोकांना शिस्त नाही" हे वाक्य मला पटत नाही. पुडी बनवणाऱ्यानं ती परत घेण्याचा खर्च उचलला पाहिजे. तो खर्च आज पुण्यात ओला-सुका कचरा हातानं निवडणारी बाई आपल्या पाठीनं उचलते.

जे समुद्रात जात नाही ते पेटवलं जातं. २०२४ साली लीड्स विद्यापीठाचा एक अंदाज आला. त्यानुसार वर्षाला ५ कोटी २० लाख टन प्लॅस्टिक व्यवस्थेबाहेर जातं, त्यात सर्वांत मोठा वाटा भारताचा, ९३ लाख टन. आणि आपल्याकडे त्यातलं निम्म्याहून जास्त जळतं. तुम्हाला सूक्ष्म कणांची इतकी काळजी वाटते आहे ना? मग त्यातली थोडी काळजी मला या धुरासाठी द्या. प्लॅस्टिकच्या धुरात काय असतं आणि त्यानं फुप्फुसाचं, गर्भाचं काय होतं, याबद्दल शास्त्रात फारसा वाद नाही. जानेवारी २०१६ मध्ये देवनारची कचराभूमी पेटली तेव्हा धूर मुंबईवर पसरला होता. आमच्या खिडकीतूनही तो दिसत होता. तो पसरला तेव्हा आपल्याला दिसला. कचराभूमीशेजारच्या गोवंडीतल्या बाईला तो त्याआधीही दिसत होता आणि नंतरही. तुमच्यासारख्याच सहाव्या महिन्यात असलेल्या त्या बाईला वारेतल्या बारा कणांबद्दल कुणी सांगितलेलं नसेल, पण धोका तिला तुमच्याहून मोठा आहे आणि तो मोजायला नवं यंत्र लागत नाही. तुमच्या गल्लीत सकाळी पाचोळ्याबरोबर पिशव्या पेटवणारं कुणी असेल, तर ते थांबवणं हे तुम्ही बाळासाठी करू शकाल असं सर्वांत उपयोगी काम आहे. झाडणाऱ्याला दम देऊन ते होत नाही. सोसायटीनं पाचोळ्याचा खड्डा करून दिला की होतं, आमच्याकडे झालं.

माणूस टिकेल का, हा तुमचा प्रश्न. २०२१ साली भारतासह दहा देशांतल्या सोळा ते पंचवीस वयाच्या दहा हजार तरुणांना हवामान बदलाबद्दल विचारलं होतं. "माणूसजात बुडाली आहे" या वाक्याला ५६ टक्क्यांनी हो म्हटलं. म्हणजे तुमच्या मनात जे चालतं ते वेडेपण नाही, आणि तुम्ही एकट्याही नाही.

मी शिशाकडे परत येते म्हणाले होते. मी मुंबईत मोठी झाले ती शिशाच्या धुरात. माझ्या आईला माझे दिवस होते तेव्हा बसस्टॉपवरच्या प्रत्येक श्वासात शिसं होतं. शिसं मुलांच्या मेंदूला अपाय करतं, हे "कदाचित" या सदरातलं नाही. ते सिद्ध झालेलं आहे. अमेरिकेत ते १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये होतं, आणि ते सुरक्षित असल्याचं विकणारे छातीठोकपणे सांगत होते. पॅटरसनसारख्यांनी ते खोडून काढायला दशकं घेतली. भारतात शिशाचं पेट्रोल २००० साली बंद झालं. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ साली. अमेरिकेत लोकांच्या रक्तातलं शिसं सत्तरच्या दशकाच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून जास्त उतरलं. माझी मुलगी २००३ साली झाली. ती माझ्याहून कमी शिशाच्या हवेत वाढली. त्या बंदीमागे जे लोक होते, ते शिशाच्याच हवेत जन्मलेले होते.

माणूसजात शिशानं संपली नाही. पण कितीतरी मुलांनी आपल्या बुद्धीचा थोडा थोडा भाग त्यासाठी मोजला, आणि तो टाळता आला असता. प्लॅस्टिकबद्दल मला असंच वाटतं. शेवट होणार नाही, पण किंमत पडेल. ती किती आणि कुणावर, हे पुढच्या वीस वर्षांत ठरेल. आणि इथे शिशापेक्षा आपली बाजू कमकुवत आहे, हेही मी लपवणार नाही. पेट्रोल बदललं तशी हवा निवळली. प्लॅस्टिक थांबवलं तरी मातीतल्या टिकल्या तिथेच राहतील. म्हणून तर पुरावा पूर्ण होईपर्यंत थांबणं मला पटत नाही. जगातले देश २०२२ पासून प्लॅस्टिकच्या करारावर बोलत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हाची बैठकही कराराविना उठली. किती प्लॅस्टिक बनवायचं यावरच मर्यादा घालावी, ही मागणी अडली आहे, आणि ती न मानणाऱ्या देशांत आपलाही देश आहे. मला याचं वाईट वाटतं. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये देशात आघाडीवर राहून बंदी आणली, तेव्हा भाजीवाल्याकडे कापडी पिशवी नेणं काही महिने सगळ्यांना जमलं होतं. मी मंडईत उभी राहून ते पाहिलं आहे. पुढे ढिलाई आली. पण जमलं होतं, हे मी विसरत नाही.

मूल होऊ द्यावं की नाही, हे मी कुणाला सांगणार नाही. तुमचं बाळ सहा महिन्यांचं आहे, आत लाथा मारत असेल. त्याला या क्षणी सर्वांत जास्त गरज आहे ती तुमच्या झोपेची. दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप नसेल, जेवण जात नसेल, तेच तेच विचार फिरून येत असतील, तर पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हे आधी सांगा, लोहाच्या गोळ्यांबद्दल विचारण्याआधी. गरोदरपणातली चिंता हा आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. रात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलतात. आणि नवऱ्याला हे सगळं वाचायला द्या. "नको इतकं वाचतेस" म्हणून तो गप्प बसला, तर तुम्ही एकट्याच वाचत राहाल.

राहिले डबे. ते अजून गच्चीवर त्या पोत्यात असतील, तर आजच खाली आणा. तिथल्या उन्हात ते हळूहळू ठिसूळ होऊन तडकू लागतील आणि पावसात त्याचा चुरा गटारात जाईल. धुऊन, पुसून सासूबाईंना परत द्या. डाळी, पोहे, रवा यांना ते अजून पुष्कळ वर्षं चालतील. लोणचं आणि गरम वरण तेवढं त्यांत भरू नका.